बदलाची पूर्वसूचना : पायथॉन भाषेच्या स्थित्यंतराचा धडा

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनासाठी योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परिपत्रक ही वस्तू प्राथमिक शिक्षकास नवी नाही. शाळेचे वेळापत्रक बदलले, मूल्यमापनाची पद्धत बदलली, पत्रकाचा नमुना बदलला, की परिपत्रक निघते. त्यावर जावक क्रमांक पडतो. ते पंचायत समितीकडून केंद्रावर व केंद्रावरून शाळेवर जाते. मुख्याध्यापक ते वाचून दाखवितात आणि सर्वांच्या सह्या घेऊन नस्तीस लावतात. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधे गृहीत आहे. ज्यांना बदल लागू व्हावयाचा, त्यांचा पट बदल करणाऱ्यापाशी असतो, हे ते गृहीत होय. कोणास कळविले आणि कोणास कळवावयाचे राहिले, हे सह्यांच्या कागदावरून समजते.

आता असा व्यवहार डोळ्यांपुढे आणावा की, ज्यात हा पटच नाही. वस्तू वापरणारे लोक अगणित आहेत. ते निरनिराळ्या देशांत राहतात, निरनिराळ्या भाषा बोलतात. परंतु ते कोण आहेत व ती वस्तू कोणत्या कामासाठी वापरतात, याची पुरती नोंद कोणापाशीही नाही. अशा वस्तूत मोठा बदल करावयाचा झाल्यास तो कळवावा कसा? मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपुढे हा प्रश्न सदैव उभा असतो. त्याचे एक बोधप्रद उदाहरण म्हणजे पायथॉन या संगणकभाषेचे दुसऱ्या पिढीकडून तिसऱ्या पिढीकडे झालेले स्थित्यंतर होय. ते २००८ मध्ये सुरू झाले आणि २०२० मध्ये त्याची सांगता झाली. या बारा वर्षांच्या इतिहासात बदल कसा कळवावा याचे धडे आहेत, तसेच तो कळविताना कोठे उणे पडते याचेही आहेत.

मुक्तस्रोत वस्तूचा व्यवहार

संगणकाने काय करावे हे ज्या मजकुरात लिहिलेले असते, त्यास आज्ञावली म्हणतात. पुष्कळ कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरचा हा मूळ मजकूर गुप्त ठेवतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मात्र उघडा असतो. तो कोणीही वाचावा, त्याची प्रत करून घ्यावी, आपल्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करावा व सुधारलेली प्रत इतरांस द्यावी, अशी मुभा परवान्यानेच दिलेली असते. गावच्या पाणवठ्याप्रमाणे तो सर्वांस खुला असतो. घागर भरून नेणाऱ्यास कोणी नाव विचारीत नाही.

पायथॉन ही अशीच भाषा आहे. ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करीत असताना गिडो व्हॅन रॉसम यांनी ती रचिली आणि १९९१ मध्ये ती सर्वांस खुली केली. पुढे जगभरातील अनेक स्वयंसेवक तिच्या कामात सामील झाले. २००० मध्ये तिची दुसरी पिढी निघाली. शिकण्यास सोपी, वाचण्यास सुगम आणि विनामूल्य, या गुणांमुळे ती विद्यापीठांत, प्रयोगशाळांत, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत सर्वत्र पसरली.

या व्यवहाराची एक बाजू आणखी ध्यानात घेतली पाहिजे. असे सॉफ्टवेअर सांभाळणारे पुष्कळ लोक विनावेतन काम करतात. वस्तू सदोष निघाल्यास आपण जबाबदार नाही, असे परवान्यातही स्पष्ट लिहिलेले असते. कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर बदल करण्यापूर्वी कोणास विचारण्याचे वा कळविण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. तथापि ज्याच्यावर लोक आपल्या कामाचा भार टाकतात, त्याच्यावर विश्वासाचे बंधन येतेच. कायद्याने न लादलेले हे बंधन पाळले जाते की नाही, यावरच अशा प्रकल्पाची पत ठरते.

बदल करणे अपरिहार्य का झाले

चालत्या गाड्याला खीळ घालण्याचे कारणच काय, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. कारण मराठी शिक्षकास विशेष जिव्हाळ्याचे वाटावे असे आहे. जुन्या पायथॉनमध्ये सामान्यपणे लिहिलेला मजकूर हा अक्षरांचा समूह म्हणून नव्हे, तर संगणकाच्या साठवणीतील बाइट नामक लहान घटकांची माळ म्हणून धरला जात असे. इंग्रजी अक्षरास एकच बाइट लागत असल्यामुळे इंग्रजी मजकुराचे काम निर्वेध चाले. परंतु युनिकोडच्या रूढ साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दाची लांबी जुन्या पायथॉनला विचारली असता तो सामान्यतः १५ असे उत्तर देई. नवा पायथॉन ५ असे देतो : म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. पहिलीतील मूल तीन अक्षरे मोजील, हे खरे. काना व वेलांटी यांस संगणक स्वतंत्र चिन्हे मानतो, म्हणून हा फरक पडतो. तरीही पंधरापेक्षा पाच हे उत्तर भाषेच्या सत्याला कितीतरी जवळचे आहे.

जुन्या पद्धतीत युनिकोड मजकुरासाठी वेगळी सोय होती; परंतु दोन्ही प्रकारांची सरमिसळ होई. त्यामुळे इंग्रजी नावांवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली आज्ञावली एखादे मराठी, ग्रीक वा जपानी नाव समोर येताच बंद पडे. हा दोष वरवरच्या डागडुजीने जाण्यासारखा नव्हता. पायाच बदलावा लागणार होता. पाया बदलावयाचाच, तर भाषेत साचलेल्या इतर काही विसंगतीही त्याच वेळी दूर कराव्या, असे सांभाळकर्त्यांनी ठरविले.

या इतर बदलांपैकी दोन येथे पाहण्याजोगे आहेत. पहिला छापण्याच्या ‘प्रिंट’ या आज्ञेचा. पूर्वी तिच्यापुढे मजकूर नुसता लिहिला तरी चाले. नव्या पायथॉनमध्ये तो कंसात लिहावा लागतो. दुसरा भागाकाराचा. दोन विद्यार्थ्यांना ७ व ८ गुण मिळाले आणि त्यांची सरासरी काढण्यासाठी १५ ला २ ने भागले, तर जुना पायथॉन ७ हे उत्तर देई. पूर्णांकास पूर्णांकाने भागल्यास उत्तरही पूर्णांकच येईल, असा त्याचा नियम होता. नवा पायथॉन ७.५ असे देतो.

या दोन बदलांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिला बदल ज्यास ठाऊक नाही, त्याची आज्ञावली तत्काळ अडते आणि चूक कोठे आहे ते कळते. दुसरा बदल ज्यास ठाऊक नाही, त्याची आज्ञावली पूर्ववत चालू राहते, फक्त उत्तर निराळे देते. मुकाट्याने होणारा बदल हा ओरडून होणाऱ्या बदलापेक्षा अधिक घातक असतो. म्हणून बदल कळविताना सर्व बदलांची सरसकट यादी देऊन भागत नाही. कोणता बदल वापरणाऱ्यास आपोआप कळेल आणि कोणता कळणार नाही, हे निवडून सांगावे लागते.

पहिली घोषणा आणि तिची उणीव

हा बदल अकस्मात झाला, असे कोणी म्हणू शकणार नाही. तिसऱ्या पिढीचा विचार कित्येक वर्षे उघडपणे चालू होता. पायथॉनमध्ये प्रत्येक मोठ्या बदलाचा लेखी प्रस्ताव मांडण्याची प्रथा आहे. त्यात बदल काय, त्याचे कारण काय व त्याविरुद्ध आक्षेप कोणते, हे लिहिले जाते आणि तो सर्वांस वाचावयास खुला असतो. भागाकाराचा नवा नियम ज्यास आधीच लागू करून घ्यावयाचा असेल, त्याच्यासाठी २००१ पासूनच जुन्या पायथॉनमध्ये एक विशेष आज्ञा ठेवण्यात आली होती. तिचे नावच ‘फ्यूचर’, म्हणजे भविष्य, असे होते. २००८ च्या ऑक्टोबरात निघालेल्या २.६ या आवृत्तीत, पुढे काय काय अडेल याचे इशारे मागवून घेण्याची सोय होती. त्यानंतर ३ डिसेंबर २००८ रोजी ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. जुना मजकूर नव्या वळणात उतरवून देणारे एक साधनही तिच्यासोबत देण्यात आले.

इतकी तयारी असूनही लोक नव्या आवृत्तीकडे झपाट्याने वळले नाहीत. याचे कारण केवळ आळस नव्हे. कोणतीही आज्ञावली एकटी नसते. ती दुसऱ्यांनी रचलेल्या दहा तयार संचांवर उभी असते आणि ते संच आणखी दुसऱ्यांवर. त्यांतील एक जरी संच नव्या पायथॉनवर चालत नसला, तरी वापरणाऱ्यास जागचे हलता येत नाही. उलट संच रचणारे म्हणत की, आमचे वापरकर्ते अजून जुन्यावरच आहेत. मग आम्ही घाई का करावी? अशा रीतीने प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत राहिला.

मूळ घोषणेत नेमकी हीच अडचण पुरेशी ओळखलेली नव्हती. जुन्या मजकुराचे एकदा रूपांतर करावे आणि पुढे जावे, असा मार्ग तीत प्रामुख्याने सुचविलेला होता. प्रत्यक्षात मात्र संच रचणाऱ्यांना कित्येक वर्षे एकच मजकूर जुन्या व नव्या अशा दोन्ही पायथॉनवर चालवावयाचा होता. सांगणाऱ्याने नव्या घराचे वर्णन उत्तम केले. परंतु सामानासह तेथवर पोहोचण्याची वाट मात्र त्याने चालून पाहिली नव्हती. बदलाच्या बहुतेक सूचनांत राहणारी उणीव हीच असते.

ऐकून घेण्याचे महत्त्व

पुढील काळात सांभाळकर्त्यांनी दोन महत्त्वाच्या बाबतींत पाऊल मागे घेतले, आणि या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा भाग तोच आहे.

जुन्या पायथॉनमध्ये युनिकोड मजकुराच्या आधी ‘यू’ हे अक्षर लिहिण्याची रीत होती. नव्या पायथॉनमध्ये सगळाच मजकूर युनिकोड झाल्यामुळे ते अक्षर निरर्थक ठरले आणि ३.० मध्ये ते लिहिणे चूक ठरविण्यात आले. तर्कदृष्ट्या हे योग्यच होते. परंतु दोन्ही पायथॉनवर चालणारा मजकूर लिहू पाहणाऱ्यांना या एका अक्षराने बेजार केले. त्यांनी आपली अडचण रीतसर प्रस्तावाच्या रूपाने मांडली. तो प्रस्ताव मान्य झाला आणि २०१२ मध्ये निघालेल्या ३.३ या आवृत्तीत ते अक्षर पुन्हा चालू लागले. त्याने भाषेत कोणतीही नवी शक्ती आली नाही. फक्त येणाऱ्यांच्या वाटेतील एक काटा निघाला.

दुसरी गोष्ट मुदतीची. दुसऱ्या पिढीची शेवटची आवृत्ती २.७ ही जुलै २०१० मध्ये निघाली. तिची देखभाल २०१५ पर्यंत होईल, असे पूर्वी ठरले होते. ती वेळ जवळ येऊ लागली, तेव्हा असंख्य लोक अद्याप जुन्यावरच आहेत हे दिसून आले. तेव्हा २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. मुदतवाढ ही दुधारी असते, हे शाळेत काम करणाऱ्यास सांगावयास नको. गरजवंतास तिचा आधार होतो, तसा टाळाटाळ करणाऱ्यासही होतो; आणि एकदा वाढलेली मुदत पुन्हा वाढेल, अशी आशा निर्माण होते. म्हणून मुदत वाढविताना ती शेवटचीच आहे हे निःसंदिग्ध शब्दांत सांगणे व पुढे तो शब्द पाळणे, या दोन्ही गोष्टी अवश्य असतात. नुसते ‘२०२०’ म्हटल्याने त्या वर्षाचा आरंभ की अखेर, असा वाद होऊ लागला. तेव्हा २०१८ मध्ये व्हॅन रॉसम यांनी १ जानेवारी २०२० हा दिवस निश्चित केला. त्यानंतर ही तारीख बदलली नाही. तोवरच्या दुरुस्त्या एकत्र करून काढलेली २.७.१८ ही अखेरची आवृत्ती २० एप्रिल २०२० रोजी प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्या पिढीचे दप्तर बंद झाले.

वार्ता दारापर्यंत नेणे

घोषणा एका ठिकाणी प्रसिद्ध करणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचणे, यांत फार अंतर असते. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. परंतु जो त्या दिवशी शेतावर असे वा परगावी गेलेला असे, त्याच्या कानी ती पडत नसे. पायथॉनच्या वापरकर्त्यांपैकी असंख्य लोक घोषणा वाचावयास कधीच जात नाहीत. एखाद्या कचेरीतील लिपिकास कोणीतरी एक आज्ञावली करून दिलेली असते, तो रोज सकाळी ती चालवितो, आणि ती पायथॉनमध्ये आहे हेही त्यास ठाऊक नसते. अशा माणसाला वार्ता द्यावयाची, तर ती त्याच्या कामाच्या जागीच दिली पाहिजे.

शेवटच्या टप्प्यात हे अनेक प्रकारे करण्यात आले. पायथॉनसाठी तयार संच आणून बसविण्याचे ‘पिप’ नावाचे साधन आहे. जानेवारी २०१९ पासून कोणी ते जुन्या पायथॉनवर चालविले, की त्याच्या पडद्यावर सूचना उमटे : २.७ ची अखेर १ जानेवारी २०२० रोजी होणार आहे, नव्या आवृत्तीकडे यावे. घोषणा न वाचणाऱ्यासही ती चुकविता येत नसे. तसेच नव्या पायथॉनमध्ये कोणी जुन्या सवयीने ‘प्रिंट’ आज्ञा कंसाविना लिहिली, तर नंतरच्या आवृत्त्या नुसते ‘चूक’ असे म्हणत नाहीत. कंस राहिला आहे, असे नेमके सांगतात. चुकीवर नुसती लाल रेघ मारणारा शिक्षक आणि समासात योग्य रूप लिहून देणारा शिक्षक यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

तयार संच रचणाऱ्यांनीही एकत्र येऊन जुन्याची साथ कधी सोडणार ते जाहीर केले. गणिती कामासाठी वापरला जाणारा ‘नमपाय’ व सारण्यांच्या कामाचा ‘पांडाज’ यांसारखे प्रमुख संच त्यांत होते. संकेतस्थळे रचण्याचा ‘जँगो’ हा संच डिसेंबर २०१७ मधील आपल्या २.० आवृत्तीपासून केवळ नव्या पायथॉनवर चालू लागला. मात्र आधीच्या १.११ या आवृत्तीची देखभाल त्यांनी एप्रिल २०२० पर्यंत चालू ठेवली. शिवाय २०१६ च्या अखेरीस ‘पिप’मध्ये अशी सोय झाली की, जुना पायथॉन असलेल्याच्या संगणकावर, तेथे न चालणारी नवी आवृत्ती चुकून बसविली जाऊ नये. यामुळे मागे राहिलेल्याची गैरसोय झाली, तरी त्याचे चालू काम मोडले नाही.

पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने २०१९ मध्ये सामान्य माणसासाठी प्रश्नोत्तररूपाने एक निवेदन काढले. नेमके काय होणार, हे का करावे लागत आहे, मी काहीच केले नाही तर काय होईल, मदत कोठे मिळेल, असे वाचणाऱ्याच्या मनातील प्रश्न त्यात घेतले होते. आज्ञावली त्या दिवशी बंद पडणार नाही. मात्र त्यानंतर सुरक्षिततेचा दोष आढळला तरी तो दुरुस्त केला जाणार नाही, हे त्यात सरळ शब्दांत सांगितलेले होते. घबराट उत्पन्न न करता धोक्याची जाणीव देणे, ही अशा लेखनाची खरी कसोटी असते.

जुने आणि नवे एकत्र नांदविण्याच्या बाबतीत आपल्या देशातील एक प्रसंग ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. जुने आणे व नवी नाणी काही काळ बरोबरच चालली. घोटाळा टळावा म्हणून नव्या नाण्यास मुद्दाम ‘नया पैसा’ हे नाव दिले होते. लोकांस सवय झाल्यावर १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गळाला. पायथॉनच्या बाबतीतही अनेक संगणकांवर नव्या पिढीला बोलावण्याची आज्ञाच ‘पायथॉन३’ अशी निराळी ठेवण्यात आली, त्यामुळे एकाच यंत्रावर दोन्ही पिढ्या न भांडता राहू शकल्या. नावातच बदल सांगितला, तर निम्मी सूचना आपोआप पोहोचते.

सूचना न दिल्यास काय होते

याच्या उलट घडलेली घटनाही सांगण्याजोगी आहे. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकभाषेचे तयार संच ‘एनपीएम’ नावाच्या भांडारात ठेवलेले असतात. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक संच होता. मजकुराच्या डाव्या बाजूस ठरावीक लांबीपर्यंत रिकाम्या जागा वा शून्ये भरणे, एवढेच त्याचे काम. मार्च २०१६ मध्ये दुसऱ्याच एका संचाच्या नावावरून वाद झाला आणि त्या वादातून लेखकाने आपले सर्व संच भांडारातून काढून घेतले. त्याबरोबर जगभर कितीतरी मोठ्या आज्ञावल्यांची बांधणी अडली. कारण त्या ज्या संचांवर उभ्या होत्या, ते संच या ११ ओळींवर विसंबलेले होते. काही तासांत भांडार चालविणाऱ्यांनी तो संच पुन्हा जागेवर ठेवला, आणि पुढे प्रसिद्ध केलेले संच काढून घेण्याचे नियम कडक केले.

लेखकाची तक्रार खरी होती की खोटी, हा येथे प्रश्न नाही. वस्तू त्याची होती. ती काढून घेण्याची मुभा त्या वेळच्या नियमांनी त्यास होती. परंतु आपल्या ११ ओळींवर किती जणांचा भार आहे याची कल्पना त्यास असणे शक्य नव्हते, आणि तो भार टाकणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या ओळींचे नावही ठाऊक नव्हते. परस्परांस न ओळखणाऱ्या अशा माणसांमध्ये पूर्वसूचना हाच काय तो एक दुवा असतो. तो तुटला की दोष कोणाचाही असो, हानी सर्वांची होते.

सांगणाऱ्याची कर्तव्ये

वरील विवेचनावरून बदल कळविणाऱ्याने पाळावयाच्या काही गोष्टी स्पष्ट होतात.

१. बदलाचे कारण सांगावे; तेही ऐकणाऱ्याच्या लाभाच्या वा हानीच्या भाषेत सांगावे. युनिकोडचे महत्त्व मराठी लिहिणाऱ्यास चटकन पटते. केवळ इंग्रजी लिहिणाऱ्यास ते समजावून सांगावे लागते.

२. मुकाट्याने होणारे बदल आधी व ठळकपणे सांगावे. जे आपोआप कळणार आहे, ते मागाहून सांगितले तरी चालेल.

३. काय बदलले याबरोबरच काय करावे हेही सांगावे, आणि ती वाट स्वतः चालून पाहावी.

४. तारीख एक असावी व स्पष्ट असावी. ती वाढविणे भाग पडल्यास एकदाच वाढवावी व नंतर पाळावी.

५. एकच सूचना अनेक मार्गांनी द्यावी, आणि त्यांतील एक तरी मार्ग वापरणाऱ्याच्या कामाच्या जागी पोहोचणारा असावा.

६. सूचना दिल्यावर कान उघडे ठेवावे. आलेली तक्रार हीदेखील वापरणाऱ्याने पाठविलेली सूचनाच असते.

पायथॉनच्या सांभाळकर्त्यांनी या अनुभवातून बोध घेतला, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. भाषेतील एखादी सोय काढून टाकावयाची असेल, तर सामान्यतः किमान दोन आवृत्त्यांत तसा इशारा दिल्याशिवाय ती काढू नये, असा त्यांचा लेखी नियम आहे; आणि २०२० पासून दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास नवी आवृत्ती काढण्याचा क्रम त्यांनी ठेविला आहे. बारा वर्षांचा एक मोठा उंबरठा ओलांडावयास लावण्यापेक्षा दर वर्षी एक लहान पायरी चढविणे सोपे, हे यामागील तत्त्व होय.

ऐकणाऱ्याची कर्तव्ये

कर्तव्ये एकाच बाजूस नसतात. विनामूल्य मिळालेल्या वस्तूविषयी वापरणाऱ्यानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. आपले काम कोणत्या सॉफ्टवेअरवर व त्याच्या कितव्या आवृत्तीवर चालते, याची नोंद ठेवावी. नव्या आवृत्तीबरोबर येणारी टिपणे, निदान त्यांतील बदलांचा भाग, बसविण्यापूर्वी वाचावा. पडद्यावर उमटणारा इशारा बाजूस सारू नये. समजला नाही तर समजणाऱ्यास विचारावा. मूळ माहितीची प्रत निराळी ठेवून नवी आवृत्ती प्रथम त्या प्रतीवर चालवून पाहावी. दोष आढळल्यास काय केले, काय अपेक्षिले व काय घडले, या तीन गोष्टी क्रमाने लिहून सौजन्याने कळवाव्या. पलीकडे बसलेला माणूस पुष्कळदा आपल्या विश्रांतीच्या वेळात हे काम करीत असतो, याचे भान असावे.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक जण असतो, आणि पुष्कळदा तोच निर्णायक ठरतो. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात डेबियनसारखे प्रकल्प हे काम करतात. ते हजारो मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकत्र जुळवून, पारखून, आपल्या वापरकर्त्यांस देतात. एकेका आज्ञावलीचे नव्या पायथॉनमध्ये रूपांतर झाले की नाही हे त्यांनी धीराने तपासले, आणि २०२३ मध्ये निघालेल्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तीतून जुना पायथॉन वगळला. मूळ लेखकाची भाषा आणि शेवटच्या वापरकर्त्याची गरज ही दोन्ही ज्यास समजतात, असा हा मधला दुवा होय.

गावात शिक्षकाचे स्थान काहीसे असेच आहे. वरून आलेला बदल पालकास समजेल अशा शब्दांत सांगणे आणि पालकाची अडचण वर समजेल अशा शब्दांत कळविणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे येतात. शाळेतील संगणकावर एखादे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असेल, तर त्याच्या बाबतीतही हीच भूमिका त्यास पार पाडता येईल : स्वतः टिपणे वाचावी, सहकाऱ्यांस चार ओळींत सांगावे, आणि आढळलेली अडचण, विशेषतः मराठी मजकुराच्या बाबतीतील, मूळ प्रकल्पास कळवावी. मराठीत काय अडते हे मराठी वापरणाऱ्याने सांगितल्यावाचून दूरदेशीच्या माणसास कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

सारांश, बदल जाहीर झाला म्हणजे कळविण्याचे काम संपले, असे मानणे ही मूळ चूक होय. ज्यास त्याची झळ लागणार, त्या शेवटच्या माणसास तो समजला, त्यावर काय करावयाचे हे कळले आणि ते करण्यास पुरेसा अवधी मिळाला, म्हणजेच ते काम पुरे झाले. पट नसलेल्या लोकांसाठी अनोळखी माणसांनी हे काम बारा वर्षे निभावले. ज्यांच्यापाशी पट आहे, सह्यांचा कागद आहे आणि रोज भेटणारी माणसे आहेत, त्यांना तर ते याहून चांगले करता यावयास हवे.